शेक घेणाऱ्या बाईच्या पाण्याचंही बघा

पिशवीच्या कॅन्सरचं निदान झालं की आपल्याकडची बरीच माणसं बार्शीची वाट धरतात. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना. १९९९ पासून धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ बायका एका मोठ्या पाहणीत होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली त्यातूनच जगाला कळलं. एवढा मान मिळालेल्या जिल्ह्यात, शेक घ्यायला निघालेल्या बाईला चार गोष्टी समजावून सांगायला गावात कुणी असू नये?

हा शेक साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस घ्यावा लागतो. दर खेपेला बाईने पहिल्या दिवशीसारखंच, तसूभरही न हलता निजायचं. कोळपं ओळीतून सरकलं की तण राहतं आणि पीक कापलं जातं, तसंच हे. त्यासाठी कमरेवर शाईच्या खुणा करतात. त्या उटणं-तेल लावून, घासून घालवू नयेत. पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवू नयेत, तिथल्या माणसांना सांगावं.

पण खुणा जुळल्या तरी आतलं जुळतंच असं नाही. लघवीची पिशवी कमी-जास्त भरली की गर्भाशय पुढं-मागं सरकतं. भरलेली असली तर आतडी वर सारली जातात, शेकापासून वाचतात. म्हणून बहुतेक ठिकाणी आधी लघवी करून ठराविक पाणी प्यायला लावतात, मग ठराविक वेळ थांबवतात. पोट साफ नसलं, गॅस धरला, तरीही फरक पडतो.

आता आपली बाई येते कशी? पहाटेच्या यष्टीने, घोटभर पाणीही न पिता. स्टँडवर जाण्याजोगी मुतारी नाही, मग पिणार कशी? लाजेपायी तिथं बोलतही नाही. विचारलं तर "हो, प्याले" म्हणते. यात तिचा दोष मी धरणार नाही.

आशाताईंनी ही माहिती निघण्याआधीच तिच्या आणि घरच्या कारभाऱ्याच्या कानावर घालावी. सुगी असो की पेरणी, एकही खाडा होऊ देऊ नये. रोजची ये-जा टाळून उपचाराच्या गावीच राहण्याची सोय करता आली तर उत्तम. सरपंच-ग्रामसेवकांनी त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवकाशी आधीच बोलून ठेवावं. आणि स्टँडवरच्या बायकांच्या मुताऱ्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत घेऊन आगारप्रमुखांकडे पाठवावा.