‘पिणे’ चालवून दाखवा!

मित्रांनो, आठवीत संस्कृत घेतलेल्यांना ‘देवः देवौ देवाः’ आठवत असेल. मला तर अजून झोपेत आठवतं. स्कोअरिंग विषय म्हणून घेतला, रूपं पाठ केली, पेपर लिहिला आणि दहावीचा निकाल लागल्यावर सगळं विसरून मोकळा झालो. इंजिनिअरिंगला आलो तेव्हा वाटलं, सुटलो बुवा! पण नशीब बघा. थर्ड इयरला स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं (खरं कारण सांगतो, रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून) आणि दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर पुन्हा तोच तक्ता अवतरला.

क्रियापद होतं ‘बेबेर’, म्हणजे पिणे. (होस्टेलवासीयांनी उगाच हसू नये, पाणी पिण्याबद्दलच चाललं आहे.) मी पितो म्हणजे बेबो, तू पितोस म्हणजे बेबेस, तो पितो किंवा ती पिते म्हणजे बेबे. आम्ही बेबेमोस, तुम्ही बेबेइस, ते बेबेन. हा झाला फक्त वर्तमानकाळ. ‘प्यालो’चा भूतकाळ वेगळा (बेबी), ‘पीत असे’चा वेगळा (बेबिया), भविष्यकाळ वेगळा (बेबेरे), ‘प्यालो असतो’ वेगळं (बेबेरिया). त्यातून सबजंक्टिव्ह नावाचं आणखी एक प्रकरण, त्याचा पुन्हा वर्तमान (बेबा) आणि भूत (बेबिएरा). सात खाने गुणिले सहा पुरुष, झाली 42 रूपं! आज्ञार्थ आणि जोडकाळ अजून शिल्लकच. वर मॅडम हसून म्हणतात, “हे तर नियमित क्रियापद आहे, अनियमित पुढच्या महिन्यात!”

मी आपला इंजिनिअरिंगचा राजमार्ग धरला. तक्ता मोठ्या कागदावर उतरवला, बेडसमोरच्या भिंतीवर चिकटवला आणि रट्टा सुरू केला. चार दिवसांत डोकं भणभणलं. बेबास की बेबेस, बेबिया की बेबेरिया, सगळा काला झाला.

वाट दाखवली ती शाळेतल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकाने. सुट्टीत घरी माळा आवरताना सापडलं. त्यात क्रियापदाचे चार ‘अर्थ’ दिलेले असतात, आठवतंय? स्वार्थ : मी पाणी पितो. आज्ञार्थ : पाणी पी. विध्यर्थ : पाणी प्यावे. संकेतार्थ : पाणी असते तर प्यालो असतो. एक मार्काला ‘ओळखा पाहू’ म्हणून हे विचारायचे. आता स्पॅनिश बघा. ‘कीएरो के बेबास’ म्हणजे ‘तू प्यावंस अशी माझी इच्छा आहे’. ज्या सबजंक्टिव्हला सगळा वर्ग घाबरत होता तो बराचसा आपला विध्यर्थच की! ‘सी तुबिएरा आग्वा, बेबेरिया’ म्हणजे ‘पाणी असतं तर प्यालो असतो’, म्हणजे आपला संकेतार्थ. इंग्रजीतून समजून घ्यायला गेलो तेव्हा जे डोक्यावरून गेलं ते मराठीतून पाच मिनिटांत बसलं. आजीला कोणी शिकवलं नव्हतं, तरी ती ‘जेवावंस रे थोडं’ म्हणताना विध्यर्थ अचूक वापरायची.

भविष्यकाळाची गंमत तर ऐकाच. बेबेर या मूळ रूपाला शेपूट लावलं की बेबेरे, बेबेरास, बेबेरा. हे शेपूट आलं कुठून? उत्तरकालीन लॅटिनमध्ये लोक ‘मला प्यायचं आहे’ अशा धर्तीवर मूळ क्रियापदापुढे ‘जवळ असणे’ या अर्थाचं दुसरं क्रियापद जोडून बोलत. बोलता बोलता दोन्ही एकमेकांना चिकटली आणि भविष्यकाळ तयार झाला. म्हणजे 42 रूपं ही 42 वेगळ्या वस्तू नाहीत. एक धातू, काही प्रत्यय आणि जोडणीचे नियम, एवढंच यंत्र आहे. सूत्र कळलं की पाठ करायला फार थोडं उरतं. बीमचं डिफ्लेक्शन असो की क्रियापद, आपण आकडे घोकतो आणि सूत्राकडे बघत नाही, हे आपलं जुनं दुखणं!

पण मला लिहायचंय ते वेगळंच. तो तक्ता भिंतीवर असताना एका रात्री माझा रूमपार्टनर अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाला, “हे बेबे म्हणजे पिणे ना?”

मी उडालोच. “तुला कसं माहीत?”

“आमच्या घरी पण बेबेच म्हणतात.”

आमचा हा पार्टनर कोर्लईचा. अलिबागहून मुरुडच्या एसटीत बसलात की रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला समुद्रात शिरलेला डोंगर दिसतो, त्यावर किल्ला. त्या डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एक भाषा बोलतात. बोलणारे तिला म्हणतात ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर.

आता कबुलीजबाब. फर्स्ट इयरला हा घरी फोनवर बोलायचा तेव्हा आम्ही सगळे खो खो हसायचो. ‘कोड लँग्वेज’, ‘पोर्तुगीज पार्सल’ काय वाटेल ते म्हणायचो. त्याच्या बोलण्याची नक्कल करण्यात मी सगळ्यात पुढे. महिन्याभरात तो फोन घेऊन गॅलरीच्या टोकाला जायला लागला. मग जिन्यात. मग तो आईशी मराठीतच बोलायला लागला. आम्हाला वाटलं, चला, पोरगा सुधारला!

त्या रात्री मी त्याला म्हटलं, “मग चालवून दाखव की ‘पिणे’.” तो आधी लाजला. मग सांगितलं : बेबे, बेबेव, बेबेन, बेबिद. बस्स. चारच रूपं. पिणे, प्यालो, पीत, पिऊन झालेलं. ‘यो त बेबेन’ म्हणजे मी पितोय, ‘एल त बेबेन’ म्हणजे तो पितोय, ‘नो त बेबेन’ म्हणजे आम्ही पितोय. कर्ता बदलला तरी क्रियापद हलत नाही, काळ दाखवायला पुढे छोटासा शब्द. आम्ही चाळिसेक रूपांत गटांगळ्या खात होतो आणि हा चारांत संसार करतोय!

“मोडकी आहे रे आमची,” तो म्हणाला. “खरी पोर्तुगीज नाही.”

हे वाक्य मला लागलं, कारण ते त्याचं नव्हतं, आमचं होतं. आम्हीच त्याच्या तोंडात घातलं होतं.

मग मी थोडं वाचलं. इतिहास असा. 1521 मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने चौलला किल्ला बांधायला घेतला. कुंडलिकेच्या मुखावरचा कोर्लईचा डोंगर त्यांनी 1594 मध्ये घेतला. 1740 मध्ये चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांच्या ताब्यात आली. अंमल गेला, फौज गेली, मागे राहिली साधी कष्टकरी माणसं आणि त्यांची भाषा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. 1986 मध्ये कुंडलिकेवर पूल होईपर्यंत समोर दिसणाऱ्या रेवदंड्याला जायचं तर होडी. धर्म आजूबाजूच्या गावांपेक्षा वेगळा, त्यामुळे सोयरीक गावातल्या गावात. अशी ही भाषा जवळजवळ 280 वर्षं पोर्तुगालच्या मदतीशिवाय जगली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि 1996 मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक काढलं. अमेरिकेतला माणूस कोर्लईला येऊन ऐकतो आणि आम्ही एकाच खोलीत राहून हसतो, काय म्हणावं!

आणि ‘मोडकी’ म्हणजे काय? पुरुषाचे प्रत्यय गळले म्हणून मोडकी? मग इंग्रजीचं काय? आय ड्रिंक, यू ड्रिंक, वी ड्रिंक, दे ड्रिंक. तिथेही एकेकाळी प्रत्येक पुरुषाला प्रत्यय होते, झिजून आता एकटा ‘एस’ राहिला. तिला कोणी मोडकी म्हणत नाही, उलट तिच्यासाठी क्लास लावतात. फरक व्याकरणाचा नाही. फरक बोलणाऱ्याच्या खिशाचा आणि वजनाचा आहे.

सगळ्यात भारी गोष्ट पुढेच. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गट आहेत, शेवटी अर, एर, इर असलेले. कोर्लईत त्यांचे झाले अ, ए आणि इ. पण तिथे चौथाही गट आहे, ‘उ’चा. तो पोर्तुगीजमध्ये नाहीच. तो खास मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी! आपलं क्रियापद घ्यायचं, शेवटी उ लावायचा आणि बाकीच्यांसारखंच चालवायचं : उ, उव, उन, उद. मला लगेच आपलं ‘करू दे’, ‘बसू नको’ आठवलं. वाक्यरचनाही मराठीसारखी, क्रियापद शेवटी. नवीन माल आला म्हणून यंत्र बंद पडलं नाही, उलट त्यासाठी एक नवा खण तयार झाला. याला मोडणं म्हणत नाहीत, याला डिझाइन म्हणतात. आणि त्यात आपली मराठी आहे, मित्रांनो! आम्ही हसत होतो ते आमच्याच नात्यातल्या भाषेला.

काही जण म्हणतील, प्लेसमेंटला याचा उपयोग काय? काही नाही. आईशी आईच्या भाषेत बोलण्याचा प्लेसमेंटला उपयोग नसतोच. दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे : बोलणाऱ्यांनाच मराठी-इंग्रजी हवी असेल तर तुम्ही कोण अडवणार? खरंच आहे. पार्टनर सांगतो, गावातल्या लहान पोरांशी कितीतरी घरांत आता मराठीतच बोलतात. शाळा, नोकरी, बाजार सगळं मराठीत. तो निर्णय त्यांचा. त्यांनी आमच्या हौसेसाठी भाषा सांभाळावी असं म्हणणं हाही एक प्रकारचा माजच. पण माणूस आपल्या सोयीने भाषा सोडतो ही एक गोष्ट आणि होस्टेलच्या जिन्यात लाजून सोडतो ही दुसरी. पहिली आमच्या हातात नाही. दुसरी शंभर टक्के आमच्या हातात आहे.

हे घाईचं आहे, असं मला का वाटतं? कोचीनजवळच्या वायपिनमध्ये अशीच पोर्तुगीज वळणाची भाषा होती. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ विल्यम रोझारियो 2010 मध्ये वारले. एका माणसाबरोबर सगळे तक्ते गेले.

म्हणून दोन-तीन साध्या सूचना. गॅदरिंगला ‘माझ्या घरची बोली’ असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठेवा. आगरी, कोळी, वारली, अहिराणी, वऱ्हाडी, ‘नो लिंग’, ज्याची जी असेल ती. अट एकच : नक्कल नाही, ज्याची त्यानेच बोलायची. सरांना विनंती की फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये गावकऱ्यांची परवानगी घेऊन, त्यांना हवा तसा बोलीचा ध्वनिसंग्रह करायला मुभा द्यावी. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांना त्यात भरपूर काम आहे. आणि परकी भाषा शिकवताना एखादा तास मराठीच्या आख्यातांवर घ्यावा. बेबेरिया आपोआप कळेल.

असो. तक्ता अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यात आता एक खाना वाढला आहे, पार्टनरच्या अक्षरात, चार रूपांचा. परवा रात्री त्याचा फोन वाजला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, जिन्यात गेला नाही, बेडवरच बसून बोलला. पाच मिनिटं, ‘नो लिंग’मध्ये. मला त्यातला एकच शब्द कळला, बेबेव. फोन ठेवल्यावर विचारलं, “काय म्हणत होती रे आई?”

म्हणाला, “काही नाही. खोकल्याचं औषध प्यालास का, विचारत होती.”