ठरावानं तहान भागत नाही

प्रेरणा आतून येते की बाहेरून, हा प्रश्न हल्ली तिकीट लावून विचारतात. सुटाबुटातला वक्ता माईकवर ओरडतो, 'मन बदला, जग बदलेल!' आणि आपली शिकलेली पोरं टाळ्या पिटतात. दुसरा शहाणा म्हणतो, 'सवलतींनी तुमची उमेद मारली.' म्हणजे खोट आमच्या काळजात. व्यवस्था मात्र धुतल्या तांदळासारखी!

मित्रांनो, याचं उत्तर महाडला आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. कागदावर! तळ्यावर गुरं पाणी प्यायची, आपला माणूस नाही. तीन वर्षं बाहेरची परवानगी दप्तरात कुजत पडली. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले, मागं हजारो माणसं. कुणी भत्ता दिला होता त्यांना? कुठलं पद मिळणार होतं? मिळाला तो लाठ्यांचा मार. तरी डिसेंबरात माणसं पुन्हा महाडला आली. ही आतली आग. ती कुठल्या वक्त्यानं विकली नव्हती.

पण नुसत्या आगीवर भागलं का? नाही. नगरपालिकेनं ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागं घेतला. तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. बाबासाहेबांनी माणसंही उठवली आणि कोर्टही लढवलं. आग आत लागते, हक्क मात्र बाहेर मिळवावा लागतो. 'मन बदला' म्हणणारा हा दुसरा अर्धा भाग गिळून टाकतो.

आणि आपल्यातल्यांनो, तुम्हीही ऐका. बाहेरून येणारं सगळं सारखं नसतं. एक असतो हक्क, दुसरं असतं बक्षीस. राखीव जागा हा हक्क आहे, त्यानं उमेद मरत नाही. पहिल्यांदा शाळेत गेलेल्या पोराला विचारा. उमेद मरते ती बक्षिसानं. मोर्चा निघायच्या आधीच, 'स्टेजवर माझी खुर्ची कुठंय? महामंडळ कुणाला?' हार गळ्यात पडला की घोषणा घशातच अडकते. हक्क मागणारा ताठ उभा असतो, बक्षीस घेणारा वाकलेला.

तेव्हा दोस्ता, एवढंच सांग. खुर्ची नाही, हार नाही, फोटो नाही. पोलिसांची काठी मात्र नक्की आहे.

येतोस?