गोळी लपवू नका, ताप तर मुळीच नको

प्रौढांना क्षयरोगापासून वाचवण्यासाठी बीसीजीची लस देण्याची मोहीम २०२४ मध्ये देशात सुरू झाली. आपल्या राज्यातही काही जिल्ह्यांत ती आली. साठीच्या पुढचे, मधुमेही, वजन फारच कमी असलेले, अशांची नावं घरोघर लिहून घेतली गेली. आमच्या भागात आशाताईंबरोबर मीही फिरले. एका घरी तिशीची, अगदी काडी झालेली सून दारात आली. "काही आजार? कसली गोळी चालू आहे का?" ताईंनी विचारलं. तिनं मागे सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही."

संध्याकाळी मात्र एकटीच माझ्याकडे आली. "ताई, मला लुपस आहे. स्टिरॉईड चालू आहे. नणंदेचं लग्न जमायचंय, म्हणून घरातले म्हणतात, बाहेर बोलू नको."

दुसऱ्याच दिवशी तिचं नाव यादीतून काढायला सांगितलं. कारण बीसीजीमध्ये जिवंत, पण कमजोर केलेले जंतू असतात. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांना त्यांचाच संसर्ग होऊ शकतो. ताईंनी प्रश्न बरोबर विचारला होता. खोटं होतं ते उत्तर, आणि ते घरानं तिच्या तोंडी घातलं होतं.

लुपस म्हणजे कुंपणानंच शेत खावं, तसा आजार. शरीराची रोगाशी लढणारी ताकद उलटून सांधे, त्वचा, मूत्रपिंडावरच हल्ला करते. दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन संसाराच्या वयातल्या. प्रेडनिसोलोन, मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं त्या ताकदीला आवर घालतात. पण कुंपण खाली केलं की बाहेरची गुरं शिरणारच. न्यूमोनिया, नागीण, लघवीचा संसर्ग, क्षय. लुपसच्या रुग्णांच्या मृत्यूंमागे संसर्ग हे एक मोठं कारण आहे. त्यात जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा आपल्या देशात!

खरी मेख पुढेच आहे. ताप लुपस उसळल्यानंही येतो आणि संसर्गानंही. पहिल्यात औषध वाढवतात, दुसऱ्यात ते वाढवणं घातक ठरू शकतं. शिवाय स्टिरॉईडमुळे ताप दबून राहतो, म्हणून थोडीशी कणकणही मोठी समजायची. घरच्या घरी क्रोसिन घेऊन स्वयंपाकाला लागायचं नाही. घाबरून स्टिरॉईड एकदम बंदही करायचं नाही. बरेच दिवस गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टिरॉईड बनवणं कमी करतं, आणि अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकतं.

सगळ्याच गोळ्यांना मात्र बोल लावू नका. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं लोकांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घरात भरून ठेवली आणि लुपसच्या बायकांना दुकानातून रिकाम्या हाती परतावं लागलं. ही गोळी लुपस आटोक्यात ठेवते आणि इतर औषधांसारखा संसर्गाचा धोका वाढवत नाही. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शनानुसार आजार शांत झाल्यावर प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणावं, जमल्यास हळूहळू बंद करावं. तेव्हा "डॉक्टर, माझा डोस कमी होईल का?" हे विचारायला लाजू नका.

सरकारकडेही एक मागणं आहे. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर बाळांना मोफत मिळते. ही जिवंत लस नाही, त्यामुळे लुपसच्या रुग्णांना ती चालते, किंबहुना घ्यावी असा सल्ला असतो. पण मोठ्यांना ती पदरच्या पैशानं घ्यावी लागते. सुनेच्या लसीसाठी एवढे पैसे किती घरं काढतील? अशा रुग्णांना तरी ती सरकारी दवाखान्यात मिळायला हवी.

आणि सासूबाईंनो, नणंदेचं लग्न सुनेच्या आजारानं मोडत नाही. पण लपवलेल्या तापानं सून जाऊ शकते. तिच्या गोळ्यांची चिठ्ठी डब्याखाली नको, तिच्या पर्समध्ये असू द्या.