गिऱ्हाईक दाराशी येतं तेव्हा

मैत्रिणींनो, जागा विकायची ठरली की आपण आतली खोली न् खोली आवरतो. पण बघायला येणारी मंडळी आधी दाराशीच उभी राहतात. कडी निघेपर्यंत त्यांची नजर सगळीकडे फिरते. म्हणून चपला कपाटात ठेवा, जिन्यातली सायकल हलवा, दिवा गेला असेल तर बदला. पितळी कडी-कोयंडा चिंच-मिठाने घासून, धुऊन कोरडा पुसा. कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडा. उंबऱ्यापाशी छोटीशी रांगोळी पुरे.

मात्र दाराशेजारी ओल असेल तर कॅलेंडरमागे झाकू नका. वरून नुसता रंग फासलात तर पोपडे येणारच. आधी गळती काढा, नाहीतर सरळ सांगून टाका. भाव एकवेळ थोडा उतरेल. पण इसाराच्या वेळी ओल उघडकीला आली तर आपला शब्दच जातो!