जळाली ती झोपडी, घर नव्हे?

बीडमधल्या आगीचा विषय निघाला की बाहेरच्या माणसाला 30 ऑक्टोबर 2023 आठवतो. त्या दिवशी माजलगावात आणि बीड शहरात आमदारांची घरे पेटवली गेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. ते कृत्य निषेधार्हच होते. पण याच जिल्ह्यात अशाही आगी लागतात, ज्यांची बातमी तालुक्याबाहेर जात नाही. उन्हाळ्यात बालाघाटच्या डोंगरातले गवत कडक वाळते. कुणी बांध पेटवतो, कुणी विडी फेकतो, वारा सुटतो आणि वणवा वस्तीला येऊन भिडतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोप्या तर पाचटाच्याच शेजारी. तिथे चुलीतली एक ठिणगी पुरते.

आग विझली की तलाठी येतो, पंचनामा होतो. खरा प्रश्न इथून सुरू होतो: जे जळाले ते ‘घर’ होते की ‘झोपडी’?

आग ही शासनाच्या आपत्तींच्या यादीत आहे. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांनुसार सपाट भागात कच्चे किंवा पक्के घर पूर्ण नष्ट झाले तर 1,20,000 रुपये. झोपडी असेल तर 8,000. कपड्यांना 2,500 आणि भांड्यांना 2,500 वेगळे. झोपडी म्हणजे काय, तेही लिहून ठेवले आहे: कच्च्या घराहून हलके, गवत-माती-प्लास्टिकचे तात्पुरते बांधकाम. आणि ज्याचे नुकसान झाले, ते बांधकाम अधिकृत असल्याचा दाखलाही हवा.

म्हणजे जे सगळ्यात लवकर पेटते, त्याला सगळ्यात कमी मदत. आठ हजारांत पत्रे आणले तर अँगल राहतात, अँगल आणले तर भिंत राहते. मग माणूस मुकादमाकडे जातो, उचल वाढवून घेतो, आणि जळालेल्या छपराची किंमत पुढचे हंगाम कोयत्याने फेडतो. त्याची मुले माझ्या वर्गात दिवाळीपर्यंतच दिसतात. त्यांना मी निबंध देतो ‘माझे घर’. गवताचे छप्पर असलेले एकही मूल त्या निबंधात ‘माझी तात्पुरती निवासव्यवस्था’ असे लिहीत नाही.

कुणी म्हणेल, घरकुल योजना आहे ना! आहे. पण तिची मूळ यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून निघाली, आणि बांधायला स्वतःची जागा लागते. गायरानावर राहणाऱ्याकडे ती कुठून येणार? आग यादीत नाव यायची वाट पाहत नाही. दुसरा आक्षेप जास्त कडू आहे: जास्त पैसे दिले तर लोक स्वतःच झोपड्या पेटवतील. असा संशय पक्क्या घरवाल्याबद्दल कुणी घेत नाही. वर्षाचे धान्य, शेळ्या, रेशनकार्ड, मुलांचे दाखले ज्या छपराखाली आहेत, त्याला काडी कोण लावेल?

मागणी साधी आहे. ज्या छपराखाली कुटुंब राहते आणि चूल पेटते, ते घर. निकषही तेवढाच असावा. जळालेले कागद पीडिताकडे मागू नयेत. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, रेशनची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर हे सगळे शासनाच्याच आवाक्यात आहे. उतारे त्यानेच काढावेत.

आणि थोडे आपल्या बिरादरीबद्दल. आग लागली की आपण चादरी आणि राशनचे किट घेऊन पळतो, फोटो काढतो, परततो. कुरआनने सांगितलेल्या जकातच्या आठ हकदारांत कर्जात अडकलेला माणूसही आहे. ज्याचे घर जळाले, तो महिनाभरात त्याच रांगेत उभा असतो. मग रमजानमध्ये गोळा होणाऱ्या रकमेतून त्याची उचल का फेडू नये? आणि सदक्यातून एका तरी घराच्या चार भिंती का उभ्या राहू नयेत? घर कोणत्या धर्माचे जळाले, हे विचारायची गरज नाही. राशन पंधरा दिवसांत संपते, भिंत पोराच्या लग्नापर्यंत टिकते.

शासनाने व्याख्या बदलावी, यासाठी अर्ज करू, ग्रामसभेत ठराव मांडू. पण ती बदलेपर्यंत निदान आपल्या तोंडी तरी ‘झोपडी जळाली’ असे शब्द नकोत. घर जळाले, असेच म्हणा.