घरी बसून एम.ए., पण तास कुणाचे?

"आता या वयात एम.ए. करून काय करणार?" हा प्रश्न मला मंदिराच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर अठाईच्या पारण्याला गेले असतानाही ऐकावा लागला. विचारणाऱ्या बहुतेक आपल्याच बायका. जनसंवाद विषयात माझं ऑनलाइन एम.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. नोकरीसाठी नाही, शिकायचं होतं म्हणून.

या प्रश्नाचा मला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्या वाक्याचा, "घरीच तर असतेस, होईल की अभ्यास!" ऑनलाइन म्हणजे जाता-येता, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये होणारं काम, असं घरोघरी धरलं जातं. जरा हिशोब करू या. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. 80 क्रेडिटचा अभ्यासक्रम म्हणजे 2,400 तास. दोन वर्षांत बसवायचे तर रोजचे साधारण सव्वातीन तास, रविवार-सण धरून! हा आकडा मी कागदावर लिहून फ्रिजवर लावला. त्यानंतर घरातलं बोलणं बदललं. "हिला हौस आहे" याऐवजी "हिचे तास आहेत" असं झालं.

मुलगी बारावीला असली की आपण टीव्ही बंद करतो, पाहुण्यांना पुढची तारीख सांगतो. आईची परीक्षा असली की त्याच पाहुण्यांना चहाबरोबर खाकरेही लागतात. हे मला पटत नाही, आणि ते तसं चालवून घेणाऱ्या आपणही मला पटत नाही.

वेळ कुठून आणायचा? आपल्याकडे एक सोय आहे, तिची किंमत आपण करत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणं होतात. थंडीत तर साडेसहालाच ओटा पुसून स्वयंपाकघर बंद. इतर घरांत नऊ वाजता पोळ्या लाटल्या जातात, तेव्हा आपल्या हातात दोन-अडीच तास मोकळे असतात. ते मालिकेत जातात की मोबाइलमध्ये, ज्याचं त्यानं पाहावं. पर्युषणात मात्र मी पुस्तक मिटते, तेवढे तास आधी भरून काढते.

आणि विषय काही कोरडा नाही. हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकानं 1948 साली पाच प्रश्न मांडले: कोण बोलतं, काय बोलतं, कुठल्या माध्यमातून, कुणाशी, आणि परिणाम काय होतो. आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर "उकळलेल्या अमुक काढ्यानं साखर कायमची जाते" असा निरोप आला की मी आता पहिलाच प्रश्न विचारते, हे म्हणतंय कोण? निम्म्या वेळा पाठवणारीलाच उत्तर देता येत नाही. भाषा समिती आपण लहानपणापासून ऐकत आलो, तोलून-मापून बोलावं. पुढे ढकललेला निरोप हेही आपलंच बोलणं, असं मला वाटतं. माझ्या जाऊबाईंना हे जास्तीचं वाटतं. वाटू दे.

प्रवेश घेणार असाल तर जाहिरातीवर जाऊ नका. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव त्या वर्षासाठी आहे का, ते पाहा. यादीत असेल तर ती पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते, हे यूजीसीनं 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. दूरशिक्षण आणि ऑनलाइन हेही वेगळे प्रकार आहेत, अर्ज भरताना नीट वाचा. काही ठिकाणी परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर होते. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही. तेव्हा आतून कडी लावायची, आणि दुधाची पिशवी कोण घेणार ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचं.