शांततेचा दंड मुलांनी का भरावा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नक्षलवादाने ‘सर्वाधिक बाधित’ जिल्ह्यांची यादी पुन्हा एकदा छाटली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये या यादीत सहा जिल्हे होते व त्यांत महाराष्ट्रातील एकटा गडचिरोली होता. ऑक्टोबरच्या फेररचनेत छत्तीसगढमधील बिजापूर, सुकमा व नारायणपूर हे तीनच जिल्हे ठेवण्यात आले; गडचिरोली गळाला. त्याच सुमारास मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षे दोन बंदुकांच्या मध्ये सापडलेल्या आदिवासी माणसाला थोडा मोकळा श्वास घेता येत असेल, तर त्याचा आनंद कोणाही लोकशाहीवाद्याला झालाच पाहिजे. तो आम्हांलाही आहे.

परंतु या यादीला दुसरी एक बाजू आहे आणि तिची चर्चा होताना दिसत नाही. ही यादी म्हणजे केवळ हिंसाचाराची मोजदाद नव्हे. ती निधीवाटपाचीही यादी आहे. गृह मंत्रालयाच्या एप्रिल २०२५ च्या निवेदनानुसार ‘विशेष केंद्रीय साहाय्य’ या योजनेखाली सर्वाधिक बाधित जिल्ह्याला ३० कोटी रुपये मिळतात. त्याखालच्या वर्गातील ‘चिंताजनक’ जिल्ह्याला १० कोटी. म्हणजे बंदुका थंडावल्या की जिल्ह्याची पायरी उतरते आणि पायरी उतरली की पैसा उतरतो. हिशेब सरळ आहे. पण भामरागड तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या दोन वर्षांच्या माडिया मुलाचे वजन या यादीबरोबर वाढलेले नसते. त्याची भूक, त्याचा हिवताप, त्याच्या आईच्या अंगातील रक्ताची उणीव यांपैकी कशाचीही पायरी उतरलेली नसते. मग शांतता आल्याचा दंड त्याने का भरावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. भामरागड हे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसलेले गाव. गडचिरोली शहरापासून ते सुमारे १८० किलोमीटर दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो, हा येथील अनेक वर्षांचा अनुभव. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. त्यांतील बहुसंख्य माडिया गोंड. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना शासनाने अतिअसुरक्षित मानले आहे, त्यांपैकी ही एक. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये जवळच्या हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे कायमचे राहिले. त्या वेळी गडचिरोली जिल्हाही अस्तित्वात नव्हता. तो चंद्रपूरमधून १९८२ मध्ये वेगळा झाला. आंध्रातून सशस्त्र दले या जंगलात शिरली ती १९८० मध्ये.

हा काळक्रम महत्त्वाचा आहे. दलमे येण्यापूर्वी सात वर्षे तेथे दवाखाना काढावा लागला, याचा अर्थ भामरागडमधील मुलांचे मरण बंदुकीने सुरू झालेले नाही. ते त्याआधीचे आहे. बंदुकीने ते लांबविले, अधिक कठीण केले हे खरेच. रस्त्यांची यंत्रसामग्री जाळणाऱ्या, खबऱ्या ठरवून गावकऱ्याचा जीव घेणाऱ्या माओवाद्यांनी आदिवासी मुलांचे कल्याण साधले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण ज्या दुरवस्थेचे कारण बंदूक नव्हती, ती बंदूक गेल्याने आपोआप नाहीशी होईल, हा तर्कही तितकाच खोटा आहे. आणि आपली निधीची व्यवस्था नेमकी याच खोट्या तर्कावर उभी आहे.

ही व्यवस्था कशी उभी राहिली ते पाहा. २०१० मध्ये केंद्र सरकारने साठ निवडक आदिवासी व मागास जिल्ह्यांसाठी ‘एकात्मिक कृती आराखडा’ जाहीर केला. पहिल्या वर्षी प्रत्येक जिल्ह्याला २५ कोटी, दुसऱ्या वर्षी ३० कोटी. गडचिरोली त्यांत होता. हा पैसा कशावर खर्च करावयाचा हे ठरविणारी समिती तिघांची होती: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि विभागीय वनाधिकारी. त्यांत डॉक्टर नव्हता, शिक्षणाधिकारी नव्हता, महिला व बालविकासाचे काम पाहणारे कोणी नव्हते, ग्रामसभेचा प्रतिनिधी तर नव्हताच. तिघेही अधिकारी प्रामाणिक होते असे धरून चालले, तरी अशा समितीला मुलाची भूक प्रथम दिसावी, अशी अपेक्षा करता येत नाही. तिला रस्ता दिसतो, पूल दिसतो, मनोरा दिसतो. पुढे २०१७ मध्ये आलेल्या विशेष केंद्रीय साहाय्याची भाषाही सार्वजनिक सुविधांमधील उणिवा भरून काढण्याचीच होती.

रस्ते नकोत असे येथे कोणी म्हणत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या अहेरी तालुक्यात दोन लहान भावांचे मृतदेह आईवडिलांना खांद्यावरून चालत न्यावे लागले, ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तेथे रस्ता असता, रुग्णवाहिका असती तर हे टळले असते. पण रस्ता हा अर्धाच उपाय होय. त्याच्या दुसऱ्या टोकाला आरोग्यसेविका हजर असावी लागते, औषध असावे लागते, अंगणवाडीत शिजलेले अन्न असावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर रस्ता हा भांडवली खर्च. तो एकदा केला की उद्घाटन करता येते. आरोग्यसेविकेचा पगार, मुलाचे अंडे, आईचे जेवण हा आवर्ती खर्च. तो दरमहा, दरवर्षी, उद्घाटनाविना करावा लागतो. मुलाला जगवतो तो मुख्यतः हा दुसरा खर्च. संघर्षाच्या नावाने आलेला पैसा पहिल्या खर्चाकडे धावतो आणि संघर्ष संपताच थांबतो. दुसऱ्या खर्चाला तो कधी नीट पोचतच नाही.

मुलांसाठी वेगळा प्रयत्न झालाच नाही असे नाही. प्रा. शांता सिन्हा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या अध्यक्ष असताना, २०१० च्या अखेरीस, आयोगाने अशांत प्रदेशांतील मुलांसाठी ‘बालबंधू’ ही योजना हाती घेतली. पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत स्थानिक तरुणांना उभे करून मुलांना शाळा, अंगणवाडी व आरोग्यसेवा यांच्याशी जोडावयाचे, अशी तिची कल्पना होती आणि त्यांत गडचिरोलीचाही समावेश होता. कल्पना उत्तम. पण तिचा पैसा आला तो पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधीतून, म्हणजे भूकंप-महापुरासाठी लोकांनी दिलेल्या देणग्यांतून. आणि योजना होती प्रायोगिक, मुदतबंद. आपल्याच देशातील, आपल्याच नागरिकांची मुले. त्यांच्यासाठी अर्थसंकल्पात कायमचे पान उघडण्याऐवजी आपण आपत्तीची थैली उघडली. अलीकडची ‘जनमन’ मोहीमही याला अपवाद नाही. अतिअसुरक्षित जमातींसाठी २०२३ मध्ये जाहीर झालेली ही सुमारे २४ हजार कोटींची मोहीम तीन वर्षांच्या मुदतीची होती. मूल मात्र तीन वर्षांच्या मुदतीचे नसते.

हा वाद जगाला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील मुलांसाठी डिसेंबर १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युनिसेफची स्थापना केली. तिच्या मूळ नावातच ‘आणीबाणी’ हा शब्द होता. १९५० च्या सुमारास युरोप सावरू लागला, तेव्हा श्रीमंत राष्ट्रांनी म्हटले की आणीबाणी संपली, आता ही संस्था गुंडाळावी. त्या वेळी पाकिस्तानचे प्रतिनिधी प्रा. अहमदशाह बुखारी यांनी, आशियातील मुलांची रोजची अवस्था ही युरोपातील मुलांच्या युद्धकालीन अवस्थेहून वेगळी नाही, हे त्या सभेच्या ध्यानी आणून दिले. युनिसेफ टिकली, १९५३ मध्ये ती कायम झाली आणि नावातून ‘आणीबाणी’ हा शब्द गेला. जगाने पाऊणशे वर्षांपूर्वी जे मान्य केले, ते आपल्या गृह मंत्रालयाच्या याद्यांना अजून मान्य व्हावयाचे आहे.

कोणी म्हणेल, पैसा गेला तरी काय बिघडले? अंगणवाडी आहे, अन्नसुरक्षेचा कायदा आहे, अमृत आहार योजना आहे. ही सर्व आहेत आणि ती लढून मिळवलेली आहेत, हे विसरता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने अन्नहक्काच्या खटल्यात अंगणवाडी सार्वत्रिक करण्याचा आदेश डिसेंबर २००६ मध्ये दिला. २०१३ चा कायदा त्यानंतरचा. पण आकडे पाहा. पूरक पोषणासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात तो वाढविण्याचे आश्वासन देण्यात आले, म्हणजे मधली सात वर्षे ८ रुपये हे ८ रुपयेच राहिले. डाळ, तेल आणि अंडे यांच्या किमती या काळात जेथल्या तेथे थांबल्या होत्या काय? सरकारी नोकराला महागाई भत्ता मिळतो, तो मिळावाच. पण भुकेल्या मुलाच्या ताटाला महागाई भत्ता नाही. आणि ते ताट वाढणाऱ्या अंगणवाडी सेविकेला तर पगारही नाही, ‘मानधन’ आहे. तेवढ्यासाठी डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस महाराष्ट्रातील सेविकांना संप करावा लागला.

आवर्ती खर्चाचे मोल काय असते याचा पुरावा बाहेरून आणण्याची गरज नाही. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तीन वर्षांत तेथील नवजात अर्भकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले गेले आणि २०११ मध्ये देशाने ही पद्धत स्वीकारली. यांत मोठी इमारत नव्हती, यंत्र नव्हते. होते ते शिकवलेले, गावात राहणारे, रोज घरी जाणारे माणूस. अशा माणसाचा मोबदला वेळेवर देणे हीच खरी गुंतवणूक होय.

आता पैशाचा एक नवा मार्ग दाखविला जातो, तो खाणीचा. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिज खाणीला २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन उत्खननाची परवानगी मिळाली. २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा व्हावी आणि तिचा किमान ६० टक्के भाग आरोग्य, शिक्षण, बालकल्याण यांसारख्या गोष्टींवर खर्च व्हावा, अशी २०१५ च्या नियमांची अपेक्षा होती. हा पैसा आदिवासींच्या डोंगरातून निघतो, तेव्हा त्याचा पैन् पै हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेलाच पाहिजे. पण मुलाचे अन्न बंदुकीच्या दावणीतून सोडवून खाणीच्या दावणीला बांधणे ही सुटका नव्हे. उद्या लोखंडाचा भाव पडला, तर भामरागडच्या मुलाने उपाशी राहावे काय?

खरा मार्ग आपल्या राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २७५ च्या पहिल्या खंडाच्या परंतुकात, अनुसूचित जमातींच्या कल्याणासाठी व अनुसूचित क्षेत्रांच्या प्रशासनाची पातळी उंचावण्यासाठी राज्यांना भारताच्या संचित निधीतून अनुदान द्यावे, असे सांगितले आहे. आणि ते अनुदान भांडवली तसेच आवर्ती असे दोन्ही प्रकारचे असावे, हेही तेथे स्पष्ट आहे. घटनाकारांनी या अनुदानासाठी हिंसेची अट घातलेली नाही. किती चकमकी झाल्या, किती शरण आले, हे त्यांनी विचारलेले नाही. माणसे आदिवासी आहेत, क्षेत्र अनुसूचित आहे, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले.

तेव्हा मागणी अशी केली पाहिजे. बाधित जिल्हा म्हणून गडचिरोलीला जी रक्कम मिळत होती, ती यादीतून नाव गेल्यानंतरही निदान दहा वर्षे अनुच्छेद २७५ खाली आवर्ती अनुदान म्हणून चालू राहावी आणि ती केवळ मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी राखून ठेवावी. तिचा विनियोग तिघा अधिकाऱ्यांच्या समितीने नव्हे, तर आरोग्य, बालविकास व ग्रामसभा यांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवावा. पोषणाचा दर किंमत निर्देशांकाला जोडावा. भामरागडसारख्या तालुक्यातील आरोग्यसेविका, आशा आणि अंगणवाडी सेविका यांना मानधन नव्हे, वेतन मिळावे. आणि प्रत्येक बालमृत्यूची नोंद, त्याच्या कारणासह, माडिया भाषेत ग्रामसभेपुढे वाचली जावी.

गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ उघडून दाखले व योजना गावकऱ्यांपर्यंत नेल्या. जेथे दुसरे कोणी पोचत नव्हते, तेथे हे काम झाले हे नाकारण्याचे कारण नाही. पण लोकशाहीत नागरिकाची शासनाशी पहिली भेट गणवेशातील शिपायाशी होणे ही तात्पुरती सोय असू शकते, कायमची रीत नव्हे. पोलीस मागे सरतील त्या जागी शिक्षिका, परिचारिका आणि डॉक्टर पुढे यावयास हवेत. तसे न होता पोलीसही गेले व पैसाही गेला, तर तेथे पुन्हा १९७३ पूर्वीचीच स्थिती उरेल. पोकळीत काय शिरते याचा अनुभव या जिल्ह्याने १९८० नंतर पुरेसा घेतला आहे.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न विदर्भापुरता मानू नये. मुंबई-पुण्याच्या सभांतही तो विचारला गेला पाहिजे. अर्थसंकल्पाची कागदपत्रे हाती आली की आपल्या आमदाराला, खासदाराला एवढेच विचारावे: नक्षलग्रस्त म्हणून गडचिरोलीला काय मिळत होते, आज त्या ठिकाणी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम आहे आणि तिच्यातून भामरागडमध्ये किती पदे भरली गेली? उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.